दुसरं कार्ड

सिडकोत, पवननगरला, पिठाच्या गिरणीवर
माझी अभ्यासिका. बेचाळीस खुर्च्या, सहा पंखे,
आणि कोपऱ्यात लोखंडी स्टुलावर
बँकेच्या लिलावातून आणलेला काळा डबा.
त्याला मी राउटर केलंय.
आतली प्रणाली फुकटची, कुणी कुणी
आपापली झोप मोडून लिहिलेली,
मिसळणाच्या डब्यातल्या मोहरीएवढी.

पहिलं कार्ड बोर्डावरचंच, ते चालतं.
दुसरं दूधबाजारातून, अश्फाकभाईंकडून, एकशे ऐंशीला.
"नाही चाललं तर परत आणा ताई,"
आणि परत आणलंत तर मी ओळखणार नाही,
हे त्याच आवाजात.

दिवा लागतो. केबल खोचली की शेजारचा पिवळा फडफडतो.
म्हणजे वीज पोचतेय.
पण आत विचारलं, कार्डं किती,
तर उत्तर येतं : एक.

सव्वानऊ. तेजल खैरनारचा भरतीचा फॉर्म, मुदत बारापर्यंत.
ती काही बोलत नाही, फक्त
पाण्याची बाटली उघडते, मिटते, उघडते.

स्लॉट बदलला.
पंख्यातलं पीठ ब्रशनं काढलं
(गिरणीवर राहायचं तर सगळ्याला थोडं पीठ लागतं).
देवरेच्या कंपासातलं खोडरबर घेऊन
कार्डाच्या सोनेरी दातांवरून फिरवलं,
टीव्हीवाले काका फिरवायचे तसं.
एक.

ड्रायव्हर आहे. हातानं चढवला, चढला.
चूक दाखवली असती तर बरं झालं असतं,
निदान कुठं दुखतंय ते कळलं असतं.
हा नुसता येऊन बसला,
लग्नघरात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखा,
कुणाचा कोण, विचारायची सोय नाही.

मग त्याच्याच पोटातली यादी उघडली.
तो ज्यांना ज्यांना आपलं मानतो ते आकडे,
एकाखाली एक, चाळीसेक.
आमचं कार्ड स्वतःची ओळख सांगतं आठ अक्षरांत;
त्यातली सात जुळतात.

स्टिकर नखानं खरवडलं.
टॉर्च दातात धरून चिपवरचं वाचलं :
चिप तीच, यादीतली.
मधे कुठल्यातरी कारखान्यात
कुणी तिच्या तोंडी दुसरा आकडा घातला, एवढंच.

माझं नाव बदललं ते ताटभर तांदळात, अंगठीनं.
मी वाकून वाचतेय तोवर
लोक पेढ्यांकडे वळलेसुद्धा.
पुढे सातपूरच्या पोस्टात मनिऑर्डर आली
शैला भामरेच्या नावानं.
खिडकीतला म्हणाला, अशी इथं कुणी नाही.
मी समोर उभी, सुट्ट्या पैशांसाठी पदर सोडलेला.

असो.
ड्रायव्हरला एका ओळीत सांगता येतं :
हा आकडाही तुझाच.
लिहिलं. एंटर.
लॉगमध्ये तीन ओळी सरसर उतरल्या,
चौथीत कार्डाला नाव मिळालं,
पाचवीत : जोडणी सुरू, शंभर.
हजार हवे होते. शंभर तर शंभर.

मागे वळून सांगायला गेले तर खुर्च्याच.
तेजलनं केव्हाच जिन्यात बसून,
मोबाईल खिडकीच्या गजाला टांगून,
देवरेच्या नेटपॅकवर फॉर्म भरला होता.
फळ्यावर लिहून गेली होती :
झालं मॅडम. पंखा चार नंबर आवाज करतो.

खाली गिरणीचा पट्टा थांबला.
बारा वाजून दहा.

एक गोष्ट राहिलीच होती.
हे सांगणं वीज असेपर्यंतचं.
दिवे गेले की तो सगळं विसरणार,
आणि आमच्याकडे बुधवारी जातातच.
म्हणून तीच ओळ
सुरू होताना वाचायच्या फाइलीत घातली,
दोनदा तपासली,
आणि मुद्दाम भिंतीवरचं बटण बंद केलं.

दहापर्यंत मोजलं. चालू केलं.
आता स्टुलासमोर उकिडवी बसलेय.
पहिला दिवा लागला.
बघू, याला आठवतं का.